श्लेष्म आणि विषाणुरोधक जेल : एका कल्पनेचा इतिहास

श्वासमार्ग, अन्नमार्ग व योनिमार्ग ह्यांच्या अस्तरावरील श्लेष्म हे केवळ वंगण नव्हे. विषाणूंना अडविणारा तो एक निसर्गनिर्मित जेल होय. ही गोष्ट इन्फ्ल्युएंझाच्या अभ्यासातून स्पष्ट होत गेली. हा विषाणू कोंबडीच्या रक्तातील तांबड्या पेशींना परस्परांशी चिकटवितो, असे हर्स्ट ह्यांनी १९४१ मध्ये दाखविले. पुढे मेलबर्न येथे बर्नेट व त्यांचे सहकारी ह्यांना असे आढळले की, श्लेष्मातील म्यूसिनाच्या योगाने ही क्रिया थांबते. पेशीप्रमाणेच म्यूसिनावरही सियालिक अम्ल असल्यामुळे विषाणू त्यालाच चिकटून बसतो. १९५८ मध्ये गर्बर प्रभृतींनी सागरी शैवलांतील बहुशर्करांचाही विषाणुरोधक गुण प्रसिद्ध केला. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणाऱ्या हिप्निया ह्या तांबड्या शैवलात आढळणारे कॅराजीनन हे ह्याच वर्गातील द्रव्य होय. त्यातील सल्फेटांचा ऋण विद्युत्‌भार विषाणूच्या धनभारित भागास बांधून ठेवतो.

एड्सच्या साथीने ह्या कल्पनेस सामाजिक निकड प्राप्त करून दिली. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया एचआयव्ही-बाधित असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकींचा संबंध केवळ पतीशीच आला होता. पतीच्या संमतीवाचून स्त्रीस वापरता येईल असे साधन हवे होते, आणि जेलकडे त्या आशेने पाहिले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत योनिमार्गाची नैसर्गिक आम्लता राखणारा 'बफरजेल' आणि ऋणभारित 'प्रो-२०००' ह्या दोहोंच्या सुरक्षिततेच्या प्राथमिक चाचण्या झाल्या.

परिणामकारकतेचा निर्णय मात्र आफ्रिकेत लागला, आणि तो प्रतिकूल होता. दक्षिण आफ्रिकेत ६,२०२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत कॅराजीननयुक्त जेल संसर्ग रोखू शकला नाही, असे २००८ मध्ये जाहीर झाले. २००९ मध्ये ९,३८५ स्त्रियांच्या चाचणीत 'प्रो-२०००' हाही निष्फळ ठरला. ह्याची कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. वीर्यातील प्रथिने ऋणभारित द्रव्यांचा प्रभाव कमी करतात, हे २००७ मधील प्रयोगांनी दाखविले होते. परीक्षानळीत वीर्य नव्हते. शिवाय कॅराजीननच्या चाचणीत सुमारे ४२ टक्के समागमांच्या वेळीच जेल वापरला गेला होता.

तथापि मूळ कल्पना त्याज्य ठरली असे म्हणता येत नाही. २०२२ मध्ये स्टॉकहोम येथील संशोधकांनी गाईच्या म्यूसिनापासून जेल तयार केला. प्रयोगशाळेतील पेशींवर त्याने एचआयव्हीचा संसर्ग सुमारे ७० टक्के व हर्पीसचा ८० टक्के रोखला. पण वर सांगितलेला इतिहास ध्यानी घेता हे आकडे सिद्धी नव्हेत, प्रारंभ होत. सावर्डे येथे औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास जेल हे औषधाचे वाहन म्हणून परिचित आहे. तोच औषध व्हावा अशी अपेक्षा असेल, तर त्याची परीक्षा शरीरद्रवांच्या सान्निध्यात आणि वापरणाऱ्या स्त्रीच्या प्रत्यक्ष जीवनात व्हावी लागेल.