विलीनीकरणाचा ताळेबंद

बीड जिल्हा निजामी राज्यांत असतां, १९४२ सालीं हैदराबाद स्टेट बँकेचें कामकाज सुरू झालें. हाली शिक्क्याचा कारभार तिच्याकडेच होता. १९५६ सालीं ती रिझर्व्ह बँकेच्या मालकीची झाली, १९५९ सालीं भारतीय स्टेट बँकेची उपबँक बनली, आणि १ एप्रिल २०१७ रोजीं तिच्यांतच विलीन झाली.

एकीकरणानें बँका सशक्त होतात, असें म्हणतात. हिशेब काय सांगतो? २०१७-१८ सालीं स्टेट बँकेस ६,५४७ कोटी रुपयांचा तोटा आला. २०१९-२० सालीं १४,४८८ कोटींचा नफा झाला. परंतु त्या तोट्याचें मुख्य कारण बुडीत कर्जांसाठीं केलेली तरतूद. आणि तीं कर्जें बहुतेक विलीनीकरणापूर्वींचीं. तेव्हां तोट्याचा दोष किंवा नफ्याचें श्रेय केवळ एकीकरणास देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

आमची चिंता निराळी आहे. हैदराबादच्या पेढींत मराठवाड्यास कांहीं वजन होतें. अखिल भारताच्या ताळेबंदांत बीडचा कोरडवाहू शेतकरी दिसेनासा होतो. बँकेच्या मोठेपणाची परीक्षा मृगापूर्वीं त्याच्या हातीं पीककर्ज पडतें कीं नाहीं, यावरच व्हावी.