तळटीप : 'मिस्सा मराठीत आली, त्या साली'

१. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसाठी लोकभाषांना वाव दिला. त्यानंतर वसईतील कॅथलिक चर्चमध्ये लॅटिनची जागा मराठीने घेतली. मार्टिन ल्यूथरने लोकभाषेचा हा आग्रह परिषदेच्या चार शतके आधी धरला होता. १५२६ साली त्याचा जर्मन उपासनाविधी छापून निघाला. वसईत या बदलाचा अर्थ फार खोल होता. घरात कादोडी बोली बोलणारी, नऊवारी लाल लुगडे नेसून देवळात येणारी आजी पाठ केलेली लॅटिन उत्तरे देत असे. आता धर्मगुरूंचे शब्द तिला समजू लागले. 'सुवार्ता' मासिकाने हीच मराठी घरोघर नेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते दीर्घकाळ संपादित केले. याच फादरांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वाड्यांवर इमारती चढू लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात फादर पुढे उभे राहिले आणि बावखलांची (गोड्या पाण्याच्या तळ्यांची) आणि विहिरींची चिंता चर्चचीही झाली. माझ्या मते वसईच्या कॅथलिक समाजाच्या अलीकडच्या इतिहासातील हे सर्वांत मोलाचे पान आहे. येथील पत्रांबाबत एक खुलासा : वसई स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्याआधीच्या पत्रांत 'आपले बिशप' म्हणजे मुंबईचे, असे वाचकांनी समजावे. — संपा.