अपत्याचा ताबा (भारतीय कायदा)

अपत्याचा ताबा म्हणजे आई-वडील विभक्त झाल्यावर किंवा त्यांचा घटस्फोट झाल्यावर अज्ञान मुलाने कोणाजवळ राहावे आणि त्याचे दैनंदिन संगोपन कोणी करावे, याविषयीचा कायदेशीर हक्क व जबाबदारी होय. भारतात १८ वर्षांखालील व्यक्ती कायद्याने अज्ञान मानली जाते. ताब्याचा निर्णय करताना आईचा किंवा वडिलांचा हक्क नव्हे, तर मुलाचे हित सर्वोपरी मानावे, हे या कायद्याचे मूलभूत तत्त्व आहे. ज्या पालकाकडे ताबा नसतो, त्याला सामान्यतः मुलाला भेटण्याचा अधिकार दिला जातो. मुलाचे पितृत्व वादग्रस्त असल्यास त्याचा परिणाम पालकत्व आणि पोटगी या दोन्हींवर होतो.

ताबा आणि पालकत्व

ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. पालकत्वात मुलाची व्यक्ती आणि मालमत्ता यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार येतो; ताब्यात मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ येतो. त्यामुळे मूल आईजवळ राहत असताना कायद्याने नैसर्गिक पालक वडील असणे शक्य असते. शाळाप्रवेश, पासपोर्ट, बँकखाते किंवा शस्त्रक्रियेची संमती अशा प्रसंगी या भेदामुळे व्यावहारिक अडचणी उद्भवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात भारतीय न्यायालयांवर इंग्लंडमधील कायद्याचा प्रभाव होता. त्यानुसार वडिलांचा हक्क जवळजवळ निरपवाद समजला जाई. या काळातील गाजलेला वाद जे. कृष्णमूर्ती व त्यांचे बंधू नित्यानंद यांच्या पालकत्वाचा होता. त्यांचे वडील नारायणय्या यांनी मुलांचे पालकत्व ॲनी बेझंट यांच्याकडे सोपवले होते. पुढे ते परत मिळावे म्हणून त्यांनी दावा दाखल केला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने वडिलांचा दावा फेटाळला. मुले इंग्लंडमध्ये राहत असल्याने मद्रास इलाख्यातील जिल्हा न्यायालयाला अधिकारक्षेत्र नव्हते, असे कौन्सिलचे म्हणणे होते. मात्र वडिलांनी पालकत्व दुसऱ्याकडे सोपवले तरी ते कायमचे संपत नाही, हे तत्त्वही याच निकालात मांडले गेले.

तत्पूर्वीच संमत झालेला पालक व पाल्य अधिनियम, १८९० आजही लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीपर्यंत या अधिनियमाच्या कलम १९ मध्ये, वडील हयात असून अपात्र नसल्यास न्यायालयाने अन्य पालक नेमू नये, अशी तरतूद होती. या दुरुस्तीने तेथे वडिलांच्या जोडीला आईचाही समावेश करण्यात आला.

कायदेशीर चौकट

पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू होतो. त्याच्या कलम १७ नुसार पालक नेमताना मुलाचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व क्षमता आणि त्याचे मुलाशी असलेले नाते विचारात घेतले जाते. समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असल्यास न्यायालय त्याची इच्छाही विचारात घेऊ शकते. अर्ज सामान्यतः मूल जेथे राहते तेथील न्यायालयात करावा लागतो.

हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ लागू होतो. कलम ६ नुसार मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई होय. परंतु पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे त्यात म्हटले आहे. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक प्रथम आई असते. कलम १३ मुलाचे हित सर्वोपरी ठरवते.

मुस्लिम वैयक्तिक कायद्यात लहान मुलाच्या सांभाळाच्या हक्काला ‘हिजानत’ म्हणतात व तो प्राधान्याने आईचा असतो. हनफी पंथानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत, तर शिया पंथानुसार मुलगा दोन व मुलगी सात वर्षांची होईपर्यंत हा हक्क टिकतो. नैसर्गिक पालक मात्र वडीलच मानले जातात. घटस्फोटाच्या दाव्यात ताब्याचे आदेश देण्याची तरतूद हिंदू विवाह अधिनियम, १९५५ (कलम २६), विशेष विवाह अधिनियम, १९५४ (कलम ३८) तसेच ख्रिस्ती व पारशी विवाहविषयक कायद्यांतही आहे.

कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ नुसार स्थापन झालेल्या न्यायालयांकडे पालकत्व, ताबा व भेटीचे दावे चालतात. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथील कौटुंबिक न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. निकालापूर्वी समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयांचे कर्तव्य असून त्यासाठी समुपदेशक नेमले जातात. जेथे असे न्यायालय नाही, तेथे जिल्हा न्यायालयात दाद मागावी लागते.

महत्त्वाचे निकाल

१९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुले ही आई-वडिलांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, अशा आशयाची भूमिका घेतली. बदलत्या परिस्थितीनुसार ताब्याचे आदेश बदलता येतात, हेही त्यातून स्पष्ट झाले. त्यामुळे ताब्याचा कोणताही आदेश अखेरचा नसतो.

लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी आई या नात्याने अर्ज केला असता, वडिलांची सही मागण्यात आली. त्यांनी याविरुद्ध याचिका दाखल केली. १९९९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६ रद्द केले नाही. मात्र ‘वडिलांच्या नंतर’ याचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा, असे ठरवले. वडील मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असतील, तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक म्हणून काम पाहू शकते.

२०१५ मध्ये गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात मूल पाच वर्षांपेक्षा लहान होते. अशा वेळी आई ताबा सांभाळण्यास अपात्र आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर असते, आईने आपली पात्रता सिद्ध करण्याची गरज नसते, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी नाव गोपनीय ठेवलेल्या एका अविवाहित मातेच्या दाव्यात, वडिलांना नोटीस न देता किंवा त्यांची ओळख उघड न करता तिला पालक म्हणून नेमता येते, असा निर्णय झाला. आईच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असेही न्यायालयाने सांगितले.

ताब्याचे प्रकार

एकल ताब्यात मूल एकाच पालकाजवळ राहते. दावा प्रलंबित असताना दिलेला ताबा अंतरिम असतो. त्याचा प्रभाव मोठा असतो, कारण दावा वर्षानुवर्षे चालल्यास मूल एका घरात रुळते आणि ते घर बदलणे त्याच्या हिताचे ठरत नाही. संयुक्त ताब्यात दोन्ही पालक सांभाळ वाटून घेतात. भारतीय कायद्यांत त्याची स्पष्ट तरतूद नाही, तरी काही न्यायालयांनी तसे आदेश दिले आहेत. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा वर्षातील सहा-सहा महिने आई व वडिलांकडे विभागून दिला होता. आई-वडील दोघेही अयोग्य ठरल्यास आजी-आजोबा किंवा अन्य नातेवाइकांकडेही ताबा दिला जाऊ शकतो.

भेटीचा अधिकार

भेटीच्या आदेशात दिवस, वेळ, ठिकाण आणि मुलाला आणण्या-पोहोचवण्याची जबाबदारी नमूद केलेली असते. साप्ताहिक भेट, मुक्कामाची भेट, सणांचे वाटप, दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीचा काही भाग अशी त्याची सामान्य रूपे आहेत. वाद तीव्र असल्यास न्यायालयाच्या आवारातील कक्षात किंवा देखरेखीखाली भेट घडवली जाते. २०२० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे, असे म्हटले. दूर राहणाऱ्या पालकाला दूरध्वनी व व्हिडिओ कॉलद्वारे संपर्काचा अधिकार द्यावा, असेही त्यात नमूद आहे.

पोटगी आणि भेट हे परस्परांवर अवलंबून नसतात. पोटगी थकली म्हणून भेट नाकारता येत नाही आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. आदेशाचे हेतुपुरस्सर उल्लंघन झाल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई किंवा ताब्याच्या आदेशात बदल होऊ शकतो. तथापि, मूल स्वतःच भेटण्यास नकार देते तेव्हा तो नकार त्याचा स्वतःचा की शिकवलेला, हे ठरवणे अवघड असते. अशा वेळी न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात बोलतात किंवा समुपदेशकांचा अहवाल मागवतात.

पितृत्व

वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आत व आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल औरस असल्याचे कायदा निर्णायकपणे गृहीत धरतो. पूर्वी ही तरतूद भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ११२ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११६ मध्ये आहे. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध झाले तरच हे गृहीतक टिकत नाही.

डीएनए चाचणीमुळे या गृहीतकाची कसोटी लागली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तचाचणीचे आदेश सरसकट देऊ नयेत, असे सांगितले. २०१४ मध्ये, चाचणी आधीच झालेली असून ती विरुद्ध गेली असल्यास कायद्याच्या गृहीतकापेक्षा वैज्ञानिक सत्याला महत्त्व द्यावे, असा निकाल झाला. २०२३ मध्ये मात्र, पती-पत्नीच्या वादात मुलाच्या औरसतेवर विनाकारण प्रश्नचिन्ह लावले जाऊ नये, हा मुलाचा हक्क असल्याचे न्यायालयाने अधोरेखित केले. पोटगीचा हक्क औरस व अनौरस दोन्ही मुलांना आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ मध्ये (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) तशी तरतूद आहे.

आंतरराष्ट्रीय वाद

परदेशात राहणाऱ्या दाम्पत्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीविना मुलाला भारतात आणल्यास उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका दाखल केली जाते. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. त्यामुळे परदेशी न्यायालयाचा आदेश येथे आपोआप अमलात येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश हा विचारात घेण्याचा एक घटक असून मुलाचे हित त्याहून वरचढ आहे, असे ठरवले. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात करारात सामील होण्याची शिफारस केली होती. कौटुंबिक हिंसाचारामुळे मायदेशी परतलेल्या मातांवर त्याचा अन्याय होईल, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

सुधारणांचे प्रस्ताव

विधी आयोगाने १९८९ च्या १३३ व्या अहवालात आईकडे ताबा ठेवण्याची वयोमर्यादा पाचवरून बारा वर्षे करण्याची शिफारस केली. २०१५ च्या २५७ व्या अहवालात आई व वडिलांना समान दर्जाचे नैसर्गिक पालक मानावे, संयुक्त ताब्याची तरतूद करावी आणि पालकत्व योजना व भेटीसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखावीत, असे सुचवले. कलम ६ मध्ये त्यानुसार दुरुस्ती झालेली नाही. स्त्री संघटनांचा आक्षेप कायद्यातील वडिलांच्या अग्रक्रमावर आहे, तर वडिलांच्या संघटनांचा आक्षेप प्रत्यक्ष निकालांमध्ये ताबा बहुधा आईकडे जाण्यावर व भेटीच्या आदेशांच्या दुर्बल अंमलबजावणीवर आहे. दाव्यांना होणारा विलंब ही मात्र दोन्ही बाजूंची समान तक्रार आहे.