घरच्या पोकरचा खर्च कोणी करायचा? वर्गणी काढायची की प्रत्येक डावातून ‘कट’?

गौरी-गणपतीचा जागर असो की दिवाळीची सुट्टी, पत्त्यांचा डाव मराठी घरांना नवा नाही. मेंढीकोट, झब्बू, रमी आणि तीन पत्तीच्या जोडीला आता शहरांतल्या अनेक मित्रमंडळींत पोकर आला आहे. वर्षातून एकदा खेळायचं असेल, तर खर्चाचा प्रश्न येत नाही. पण दर पंधरा दिवसांनी एकाच घरी सात-आठ जण जमू लागले की यजमानाच्या खिशाला चाट बसते. मग कोणीतरी सुचवतं, “प्रत्येक डावातून थोडे पैसे बाजूला काढू.” हा उपाय सोपा वाटतो. प्रत्यक्षात कायद्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा तोच आहे.

खर्च नेमका कशाचा?

खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला एकदाच होणारा: चिप्सचा संच, टेबलावर अंथरायचं कापड, पत्त्यांचे चांगले कॅट. कागदी पत्ते लवकर मुडपतात आणि मुडपलेला पत्ता ओळखू येतो. म्हणून नियमित खेळणारे प्लॅस्टिकचे पत्ते घेतात.

दुसरा खर्च दर बैठकीचा: जेवण, चहा, थंड पेयं, बर्फ, एसीचं वीजबिल. यात न मोजलं जाणारं एक काम असतं. रात्री दोन वाजता पाहुणे गेल्यावर ग्लास, ताटल्या आणि सांडलेला चिवडा आवरायचा कोणी? बहुतेक वेळा खेळात नसलेल्या घरच्या माणसांनी, त्यातही बाईने. पैसे हरल्यामुळे नाही, तर या न बोललेल्या नाराजीमुळे अनेक बैठका बंद पडतात.

‘रेक’ म्हणजे काय?

पोकरमध्ये प्रत्येक डावात जमलेल्या रकमेला ‘पॉट’ म्हणतात. कॅसिनो त्यातून ठरावीक टक्के कापून घेतो. तो ‘रेक’. गोव्यात कॅसिनोंना सरकारी परवाना असतो आणि रेक हे तिथे पोकरच्या टेबलाचं उत्पन्न असतं. घरच्या बैठकीत हीच पद्धत आणली तर काय होतं, हे एका हिशेबातून पाहता येईल.

समजा, ८ जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर ८,००० रुपये आहेत. चार तासांत १०० डाव झाले आणि सरासरी पॉट २०० रुपयांचा होता. म्हणजे एकूण २०,००० रुपयांची उलाढाल. त्यावर १० टक्के कट म्हणजे २,००० रुपये. हातात येताना ही रक्कम डावाला फक्त २० रुपये दिसते, पण रात्र संपताना टेबलावरच्या पैशांचा चौथा भाग गेलेला असतो.

शिवाय हा भार समान पडत नाही. कट पॉटमधून जातो, त्यामुळे जास्त डाव जिंकणारा जास्त भरतो. पत्ते टाकून शांतपणे बिर्याणी खाणारा जवळपास काहीच देत नाही. खर्च १,५०० रुपये झाला आणि कट २,००० जमला, तर उरलेले ५०० रुपये कोणाचे? इथेच कायदा येतो.

महाराष्ट्रातला कायदा काय म्हणतो?

राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात ‘जुगाराचं घर’ ठरवताना एक महत्त्वाची कसोटी आहे: ती जागा किंवा खेळाचं साहित्य मालकाच्या अथवा वापरणाऱ्याच्या नफ्यासाठी वापरलं जातं का? जागेचं शुल्क म्हणून किंवा इतर कोणत्याही प्रकारे झालेला फायदा त्यात येतो. अशी जागा चालवणं हा कलम ४ खाली गुन्हा आहे. तिथे खेळताना किंवा त्यासाठी हजर सापडणाऱ्यांवर कलम ५ लागतं. म्हणजे जोखीम एकट्या यजमानाची नसते.

निव्वळ कौशल्याच्या खेळांना कलम १३ मधून सूट आहे. पण पोकर त्यात बसतो का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानण्याकडे कल दाखवला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. त्यामुळे ‘पोकर कौशल्याचा खेळ आहे’ या भरवशावर कट घेणं शहाणपणाचं नाही.

मग खर्चाचे पैसे घेणंही गुन्हा का?

या प्रश्नाच्या जवळ जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये के. सत्यनारायण प्रकरणात दिला. सिकंदराबादच्या एका क्लबमध्ये रमी खेळणाऱ्यांकडून बसण्याचं शुल्क घेतलं जात होतं. पत्ते आणि सोयीसुविधांसाठी क्लब थोडे जादा पैसे घेतातच, तेवढ्यावरून तो जुगाराचा अड्डा ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र शुल्क भरमसाट असेल, तर नफ्याचा निष्कर्ष निघू शकतो. लक्षात ठेवायचं ते हे की तो क्लब होता, खेळ रमी होता आणि त्याच निकालात तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ मानला गेला.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठीही मुद्दा तोच आहे. इंग्लंडच्या २००५ च्या कायद्यानुसार घरगुती खेळात सहभागाचं शुल्क घेता येत नाही. पॉटमधून कापलेली रक्कमही शुल्कच धरली जाते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये खासगी जागेतल्या खेळाला बचाव मिळतो, पण स्वतः जिंकलेल्या पैशांपलीकडे कोणालाही आर्थिक फायदा झालेला नसावा लागतो.

मग सोयीचे मार्ग कोणते?

पाळी लावणे: भिशीसारखं दर वेळी घर बदलायचं. ज्याची पाळी, त्याचा खर्च. पैशांची देवाणघेवाणच नाही आणि आवरण्याचं कामही वाटलं जातं.

पदार्थ वाटून घेणे: एकाने जेवण, दुसऱ्याने पेयं, तिसऱ्याने बर्फ आणि फरसाण. घर लहान असल्यामुळे ज्यांना पाळी घेता येत नाही, त्यांच्यासाठी हे बरं.

बिल समान वाटणे: जेवण मागवायचं, बिल ग्रुपवर टाकायचं आणि खेळाच्या पैशांपासून वेगळं ठेवून सगळ्यांनी सारखं भरायचं. वरच्या उदाहरणात १,५०० रुपयांचं बिल माणशी १८७.५० रुपये पडतं. जिंकलेला आणि हरलेला, दोघांनाही तेवढंच.

साहित्य सामायिक ठेवणे: चिप्स आणि पत्ते सगळ्यांनी मिळून घ्यायचे. मग ते एकाच्या मालकीचे राहत नाहीत आणि त्यांचं ‘भाडं’ मागण्याचा प्रश्न येत नाही.

यातला कोणताही मार्ग निवडला तरी यजमानाच्या हातात एक रुपयाही शिल्लक राहायला नको. अर्थात, खर्च वाटून घेतल्याने पैसे लावून खेळलेला पोकर आपोआप कायदेशीर ठरत नाही. शंका असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा किंवा चिप्सना पैशांची किंमतच ठेवू नये. आणि कोणताही मार्ग असो, रात्री निघण्याआधी आपापली ताटली विसळून ठेवायला कोणाचीच हरकत नसावी.