भटकी प्लीहा : एका निदानाची तीनशे वर्षे

१/ पोटाच्या डाव्या बाजूस, बरगड्यांच्या आड प्लीहा असते. जुन्या मराठीत हिलाच पानथरी म्हणत. जठर आणि मूत्रपिंड यांच्याकडे जाणारे पातळ बंध तिला जागेवर धरून ठेवतात. हे बंध जन्मतःच नसले किंवा पुढे सैल पडले, तर ती खाली सरकते. कधी थेट ओटीपोटात पोहोचते. या दुर्मीळ विकाराचे निदान कसे होत गेले, ते पाहू.

२/ १६६७ साली डच वैद्य व्हान होर्न यांनी शवविच्छेदनात अशी प्लीहा पाहून तिची नोंद केली. रोग ओळखला गेला, तेव्हा रुग्ण हयात नव्हता.

३/ पुढची दोन शतके वैद्याची भिस्त बोटांवर होती. प्रौढांमध्ये हा विकार मुख्यत्वे तरुण स्त्रियांत आढळतो. त्यामुळे ओटीपोटातील गाठ अंडाशयाची वाटणे स्वाभाविक होते. खूण एकच : प्लीहेच्या कडेला असलेली खाच हाताला लागणे.

४/ १८७७ मध्ये मार्टिन या जर्मन शल्यविशारदाने अशी प्लीहा काढून टाकली. १८९५ मध्ये पोलिश शल्यविशारद लुडविक रिडिगिअर यांनी ती न काढता पोटातच स्थिर केली. त्याच वर्षी रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. पण त्यांत हाडे स्पष्ट दिसत, मऊ अवयव अंधूकच राहत.

५/ निदानाची घाई कशासाठी? सैल प्लीहेचा देठ पिळवटला, की रक्तपुरवठा तुटतो. पीळ आपोआप सुटला तर वेदना थांबते आणि रोग पुन्हा लपतो. न सुटल्यास प्लीहा मृत होते व काढावी लागते. प्लीहा काढलेल्या अर्भकांना जीवघेणे जंतुसंसर्ग होतात, हे किंग व शूमाकर यांनी १९५२ साली दाखवले. तेव्हापासून ती वाचवण्याला वेगळेच मोल आले.

६/ १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातील गाठींच्या ध्वनिलहरी-तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये लंडनला सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. काही वर्षांत ते तंत्र पोटापर्यंत आले. आता पिळलेला देठ भोवऱ्यासारखा दिसतो, तर डॉप्लर तपासणीत रक्तप्रवाह कळतो.

७/ यंत्रे बदलली, तरी निदानाचा गाभा एकच आहे : खालच्या गाठीसोबत बरगड्यांखालची रिकामी जागाही पाहणे. व्हान होर्न यांना मृतदेहात जे दिसले, ते आज वेळेत दिसते आणि प्लीहा वाचू शकते.

#वैद्यकइतिहास #थ्रेड