औषधमात्रेचे गणित (परिचर्या)

डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा आणि हाती असलेल्या औषधाची तीव्रता यांचा मेळ घालून रुग्णाला नेमके किती औषध द्यायचे, हे ठरवण्याची परिचारिकेची रीत. सूत्र सोपे आहे: हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले ती ज्यात विरघळली आहे तेवढे मिलिलिटर. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिग्रॅप्रमाणे १५० मिग्रॅ पॅरासिटामॉल लागते. ५ मिलीत १२५ मिग्रॅच्या बाटलीतून ते ६ मिली होते, २५० मिग्रॅच्या बाटलीतून ३ मिली. इन्सुलिनही मिलीत ४० आणि मिलीत १०० युनिटचे असे दोन प्रकारचे मिळते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले, तर अडीचपट जाते. म्हणून आधी लेबल वाचायचे, आकडेमोड नंतर.

अमरावती जिल्ह्यातील भातकुलीसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात या गणिताची खरी कसोटी फवारणीच्या हंगामात लागते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकांच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन देतात. नेहमीच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये ते १ मिलीत ०.६ मिग्रॅ असते. सुरुवातीचे १.८ मिग्रॅ म्हणजे ३ अ‍ॅम्प्यूल. पाच मिनिटांत छाती मोकळी झाली नाही, नाडी ८० वर आली नाही, तर मात्रा दुप्पट: ६, मग १२. एवढ्यावर रुग्ण सावरला, तर एकूण २१ अ‍ॅम्प्यूल, १२.६ मिग्रॅ झाले. पुढे सलाईनमधून दर तासाला याच बेरजेच्या १० ते २० टक्के औषध सोडतात, म्हणून बेरीज चुकली की पुढचे सगळेच चुकते. कमी पडले तर श्वास कोंडतो. जास्त झाले तर रुग्ण बरळू लागतो, अंग तापते.

सर्पदंशात मात्र वजनाचा हिशेब लावायचा नसतो. साप मुलाला चावला तरी विष तेवढेच सोडतो, त्यामुळे लहान मुलालाही प्रतिसर्पविषाच्या मोठ्यांइतक्याच, साधारण ८ ते १० कुप्या लागतात. मूल लहान म्हणून मात्रा कमी करणे ही जिवावर बेतणारी चूक आहे.

इन्सुलिन, अ‍ॅट्रोपिनसारख्या औषधांची आकडेमोड दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे करून पाहावी. रात्रपाळीला एकच सिस्टर असेल, तर हे काम डॉक्टरांनी करावे. रुग्णाला पुढे अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात हलवताना किती औषध गेले आणि केव्हा, याची लेखी नोंद त्याच्यासोबत गेलीच पाहिजे.