एका खोलीची ख्रिस्तसभा

ख्रिस्तमंदिर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच मनोरे, घंटा, कमानी आणि रंगीत काचांची तावदाने उभी राहतात. ख्रिस्तसभेचा इतिहासही आपण बहुधा अशा भव्य वास्तूंच्या आधारानेच सांगतो. परंतु इ.स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, त्यापूर्वीची जवळजवळ तीन शतके श्रद्धावंत प्रामुख्याने एकमेकांच्या घरीच जमत असत. संत पौलाच्या पत्रांत याच्या खुणा जागोजागी आढळतात. तंबू करणारे प्रिस्का व अक्विल्ला हे दांपत्य, कलस्सैचा फिलेमोन, लावदिकीयातील नुंफा या साऱ्यांच्या घरी मंडळी भरत असल्याचे तो लिहितो.

घराचे प्रार्थनास्थान झाले म्हणजे नेमके काय झाले? उत्खननांतून मिळणारे उत्तर अगदी साधे आहे. घरातील एखादी खोली निवडली गेली आणि तिची डागडुजी करण्यात आली. अशी दोन घरे आपण पाहू.

पहिले घर गालील सरोवराच्या काठी, कफर्णहूम येथे आहे. तेथील जागा फ्रान्सिस्कन संघाने १८९४ साली विकत घेतली आणि १९६८ पासून फादर विर्जिलिओ कोर्बो व फादर स्तानिस्लाओ लोफ्रेदा यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा दगड, दरजांत चुना न भरता रचलेल्या भिंती, मधल्या अंगणाभोवती लहान लहान खोल्या असे हे कोळ्यांच्या गावातील सामान्य घर. छप्पर म्हणजे लाकडी वासे, त्यांवर काटक्या आणि वर मातीचा थर. पक्षाघाती माणसाला खाली सोडण्यासाठी चौघांनी छप्पर उकरल्याचे संत मार्क सांगतो, ते असेच छप्पर असले पाहिजे.

या घरातील एकच खोली वेगळी निघाली. उत्खननकर्त्यांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरीस तिच्या जमिनीला आणि भिंतींना चुन्याचा गिलावा करण्यात आला व पुढे तो पुन्हा पुन्हा करण्यात आला. शेजारच्या खोल्यांना हा मान मिळाला नाही. स्वयंपाकाची भांडी त्या खोलीतून दिसेनाशी झाली आणि पुढे गिलाव्यावर ग्रीक, सिरियाक अशा भाषांत भाविकांनी अक्षरे कोरली. चौथ्या शतकात त्या खोलीच्या मध्यावर दगडी कमान उभारून नवे छत घालण्यात आले व सभोवती कुंपणभिंत बांधण्यात आली. त्या शतकाच्या अखेरीस पवित्र भूमीत आलेल्या एजेरिया या यात्रेकरू स्त्रीच्या नावे जतन झालेल्या वृत्तान्तात, प्रेषितांच्या प्रमुखाच्या घराचे मंदिर झाले असून मूळ भिंती तशाच उभ्या आहेत, असा उल्लेख आहे. पाचव्या शतकात तेथे अष्टकोनी मंदिर झाले. त्याचा मध्य नेमका त्या जुन्या खोलीवर आहे. हे घर संत पेत्राचेच होते यावर सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु एका घरगुती खोलीला पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, याची साक्ष तेथील दगड देतात.

दुसरे घर सिरियात, युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या सरहद्दीवरील नगरात सापडले. येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांच्या उत्खननात १९३१-३२ च्या सुमारास ते उजेडात आले. अंगणाभोवती खोल्या असलेल्या या घरात इ.स. २४० च्या सुमारास फेरबदल झाले. दोन खोल्यांमधील भिंत पाडून सुमारे १३ मीटर लांब व ५ मीटर रुंद असे दालन तयार करण्यात आले. तेथे सत्तरएक माणसे बसू शकत. पूर्वेच्या टोकाला लहानसा चौथरा बांधला गेला. दुसऱ्या एका खोलीत स्नानसंस्काराचे कुंड झाले व त्यावरील छताला निळ्या रंगात तारे रंगविण्यात आले. भिंतींवर उत्तम मेंढपाळ, पाण्यावर चालणारा पेत्र आणि आपली बाज उचलून निघालेला तो पक्षाघाती अशी चित्रे काढली गेली. चित्रकाराचा हात साधा आहे, पण श्रद्धा स्पष्ट आहे. त्याच तटबंदीलगत यहुदी बांधवांनीही एका घराचे सभास्थान केले होते.

हे घर जेमतेम पंधरा वर्षे वापरात राहिले. पर्शियन सैन्य चाल करून आले तेव्हा तट मजबूत करण्यासाठी रोमन सैनिकांनी तटालगतची घरे मातीने बुजविली. इ.स. २५६ च्या सुमारास नगर पडले. मात्र त्याच मातीने ही चित्रे सांभाळली. आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत. मूळ स्थळाची मात्र २०११ नंतरच्या यादवीत अपरिमित लूट झाली.

या दोन्ही घरांच्या मालकांची नावे वास्तूवर कोरलेली नाहीत. तरीही त्यांनी काय दिले हे आपण जाणू शकतो. लहान घरात एक खोली देणे म्हणजे धान्याची, झोपण्याची, पाहुण्याची जागा देणे. राजमान्यता नसलेल्या काळात ते धोका पत्करणेही होते. ख्रिस्तसभेची पहिली देणगी ही अशी चार भिंतींची आणि मूठभर चुन्याची होती.

आज आपल्या ख्रिस्ती वस्त्यांतून घरांची कामे सतत चालू असतात. हातात पैसा येईल तशी एकेक खोली बदलते. आधी स्वयंपाकघराचा ओटा होतो, मग न्हाणीघर, मग मुलांची खोली. कौले जातात, स्लॅब येतो. यात गैर काहीच नाही. घर कुटुंबाबरोबर वाढतेच. परंतु नव्या आराखड्यात दूरदर्शन संचाची भिंत आधी ठरते आणि घरातील वेदीला उरलेला कोपरा मिळतो, हे आपण पाहतो. सायंकाळी सर्वांनी एकत्र गुडघे टेकण्याइतकी जागा पुष्कळदा नकाशातच नसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. कफर्णहूम आणि दुरा येथे तो शब्द दगडामातीत अक्षरशः खरा झाला होता. तेथे राहत्या घरातील खोली प्रार्थनेसाठी दिली गेली. पुढची भिंत पाडण्यापूर्वी गवंड्याला आपण हीच खोली प्रथम दाखविली पाहिजे.